डोनटवरची साखर

दिवसाला चारशे डोनट तळणाऱ्या बाईने सुपरमार्केटच्या फ्रीझरमधून डोनटचा खोका उचलावा, यापेक्षा मोठी नामुष्की आमच्या धंद्यात नसेल. मी आधी इकडेतिकडे पाहून घेतलं. बेकरीचं एखादं ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं असतं तर वाटाण्याची पिशवी उचलून सरळ चालती झाले असते. पण कोणी नव्हतं, आणि अप्पांचा पंचाहत्तरावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. मी काचेचं दार ओढलं, चार नगांचा तो खोका घेतला आणि बास्केटमध्ये कांद्यांखाली दडवला.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘ग्लूटेन-फ्री’ असं लिहिलं होतं. मागे बारीक अक्षरांत तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ आणि जिभेला वळणार नाहीत अशा नावांच्या सहासात गोष्टी. ती यादी मी उभ्या उभ्या दोनदा वाचली. गहू कुठेच नव्हता.

अप्पा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली. एक अपघात नाही, एक तक्रार नाही. बसमध्ये कुणाची छत्री राहिली तर तीन दिवस ती सीटमागे ठेवून त्या माणसाची वाट बघायचे. असा सरळ माणूस, पण गोड दिसलं की त्यांची नियत फिरायची. आई त्यांना मुंगळा म्हणायची. बिस्किटांचा डबा कपाटावर ठेवा, पलंगाखाली ठेवा, धुवायच्या कपड्यांत ठेवा, मुंगळा बरोबर पोचायचा. विचारलं की चेहरा गरीब करून म्हणायचे, “छे, मी कशाला हात लावू?” आणि हे म्हणताना मिशीला साखर लागलेली असायची. आम्ही पोट धरून हसायचो. दादाने तर स्वतःच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर हा किस्सा नक्कल करून सांगितला होता.

आई शेवटची तीन वर्षं विसरत विसरत गेली. आधी गॅस बंद करायला विसरायची, मग आमची नावं, मग अप्पांना. ती गेल्यावर अप्पा आमच्याकडे राहायला आले. माझी बेकरीतली पाळी दुपारी एकला संपते. अकरा वर्षं मी रोज घरी येताना कागदी पिशवीतून एक डोनट आणायचे. अप्पा खिडकीत उभे असायचे. रस्ता ओलांडताना मी पिशवी वर करून दाखवली की ते आत जाऊन बशी काढायचे. आमच्या दोघांत प्रेमाचं बोलणं कधी झालं नाही, दोघांच्याही नाकावर राग. पण ती बशी रोज निघायची.

चार महिन्यांपूर्वी ते बंद झालं. अप्पांचं वजन उतरत चाललं होतं, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की यांच्या आतड्याला गहू सोसत नाही. बहुधा कधीच सोसत नसावा, पण आता आतडं थकलंय.

“पाव, बिस्किटं, केक, सगळं बंद,” त्या म्हणाल्या. “थोडंसं चालेल का, असं विचारूसुद्धा नका. चिमूटभर पीठही नको. या वयात आतडं सावरायला फार वेळा संधी देत नाही. घरात पीठ कोण हाताळतं?”

“हिचा तर जन्मच पिठात गेलाय,” अप्पा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून वागले. बेकरीतले कपडे बेकरीतच बदलायचे. घरी आल्यावर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय अप्पांजवळ जायचं नाही. घरातला पाव हद्दपार केला. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो, त्याला म्हटलं, पाव खायचा तर बाहेर खा आणि तोंड धुऊन ये. तो म्हणाला, “बरं झालं, दात घासायला नाही सांगितलंस.” पण त्यानेही पाळलं. जुनी लाकडी पोळपाटं, चमचे, गाळण्या टाकून दिल्या. अप्पांची भांडी वेगळी, फडकं वेगळं. दर शनिवारी सकाळी त्यांना वजनकाट्यावर उभं करायचं आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचा. एकोणपन्नासवरून दोन महिन्यांत बावन्न. आकडा वाढला की नवरा टाळ्या वाजवायचा आणि अप्पा लाजायचे.

फक्त दुपारी एक वाजता ते अजूनही खिडकीत यायचे. मी रिकाम्या हाताने रस्ता ओलांडायचे. ते वळून खुर्चीत जाऊन बसायचे. “सवय गं, दुसरं काय,” म्हणायचे. मला ते बघवत नव्हतं. म्हणून तो खोका.

वाढदिवसाच्या दिवशी खोक्यावर लिहिल्याप्रमाणे मी दोन डोनट अर्धा तास बाहेर ठेवले, सात मिनिटं ओव्हनमध्ये गरम केले. बाहेर काढले तेव्हा माझंच तोंड वाकडं झालं. रंग फिकट, अंगावर तकाकी नाही, वरून बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. बेकरीतल्या आमच्या उस्तादांनी असला डोनट टेबलावर बघितला असता तर मला कामावरून काढलं असतं. अप्पांनी मात्र बशी स्वतः काढून ठेवली होती. त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला.

“छान आहे,” ते म्हणाले.

“अप्पा, तुम्ही खोटं बोलताय.”

“छान म्हणजे, बरा आहे. बसच्या सीटखाली फोम असायचा ना, त्याहून नक्कीच बरा.” नवरा हसत सुटला, अप्पाही हसले, आणि उरलेला अर्धा डोनट बशीत तसाच राहिला. मुंगळ्याने गोड अर्धं टाकलं, असं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं.

मला तो माझा अपमान वाटला. कंपनीने केलेल्या डोनटचा अपमान मी माझ्या अंगावर ओढून घ्यायचं काही कारण नव्हतं, पण माझा स्वभावच तसा. दुसऱ्या दिवशी मी त्या डोनटची दुरुस्ती काढली. ओव्हनची आच वाढवून वेळ कमी केला, गरम असतानाच वरून लोणी लावलं. आणि बेकरीतून एका जॅमच्या बाटलीत साखर आणली.

आमची साखर म्हणजे बाजारातली साखर नव्हे. उस्ताद ती रोज सकाळी स्वतः दळून घेतात, रव्याहून बारीक आणि पिठीहून जाड. डोनटला धरते, पण घाम सोडत नाही. ती मोठ्या ट्रेमध्ये पसरायची, कढईतला गरम डोनट त्यात टाकायचा आणि एक गिरकी द्यायची. दिवसभर तोच ट्रे. पाळी संपताना तळाशी किलोभर साखर उरते ती टाकून देतात. मी ती उरलेली साखर बारीक चाळणीने तीनदा चाळली. डोनटचे कण, तळणीचा जळका चुरा, सगळं वर राहिलं. खाली पांढरी शुभ्र साखर. स्वच्छतेत माझा हात कोणी धरणार नाही.

तो डोनट अप्पांनी तोंडात घातला आणि डोळे मिटले.

“ठमे,” ते म्हणाले. ते मला ठमीच म्हणतात, लहानपणापासून. “हा डोनट. कालचा कोण होता कुणास ठाऊक.”

त्यांनी बोटं चाटली. मग बोट ओलं करून बशीतली साखर टिपली. मी आंघोळ करून, ओल्या केसांनी दारात उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला. त्यानंतर रोज दुपारी एक डोनट. सुपरमार्केटमध्ये मी आता खोका कांद्यांखाली लपवत नव्हते, चार चार खोके एकदम घ्यायचे. दर सोमवारी जॅमची बाटली भरून आणायचे.

तिसऱ्या आठवड्यात अप्पांचं पोट पुन्हा बिघडलं. शनिवारी काटा एक्कावन्नवर आला. कॅलेंडरात आकडा लिहिताना नवरा म्हणाला, “ऋतू बदलतोय, होतं असं.” पुढच्या शनिवारी एकोणपन्नास. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, दिवसातून चारचारदा संडास. मी भाज्या बदलल्या, तांदूळ बदलला, दूध बंद केलं. पुढच्या शनिवारी अठ्ठेचाळीस.

त्याच दिवशी त्यांचा कोट धुवायला टाकताना खिशात बिस्किटांच्या पुड्याचा कागद सापडला. सोनेरी, चुरगळलेला, आत दोन कण चिकटलेले.

मी तो कागद त्यांच्यासमोर धरला. “अप्पा, हे काय?”

त्यांनी चष्मा लावून बघितलं. “पोस्टमनचा असेल. तो खातो बागेत.” निवृत्त पोस्टमन काका आणि अप्पा रोज सकाळी खालच्या बागेत एका बाकावर बसतात.

“काका खातात आणि कागद तुमच्या खिशात येतो?”

“अगं, खरंच. छे, मी कशाला हात लावू?”

दुसरं कुठलंही वाक्य ते बोलले असते तर कदाचित मी थांबले असते. पण चाळीस वर्षं जे वाक्य ऐकून हसलो तेच वाक्य, तोच गरीब चेहरा. माझं डोकंच फिरलं. मी दादाला फोन लावला आणि त्यांच्या देखत सांगितलं, मुंगळा बागेत जाऊन बिस्किटं खातोय. दादा तिकडून म्हणाला, “अप्पा, अहो या वयात तरी!” नवरा मला आत घेऊन हळूच म्हणाला, “ते नाही म्हणतायत तर नसतील खात.” मी म्हटलं, तू लिफ्टचं बघ, माझे वडील मी ओळखते.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. खाली यायला हवा होता तो आकडा तिपटीने वर गेला होता. “गहू कुठून तरी पोटात जातोय,” त्या म्हणाल्या. “एकतर हे खातायत, नाहीतर तुमच्याकडून नकळत जातोय. रोज काय काय देता ते सगळं सांगा.” मी सगळं सांगितलं. भात, भाज्या, अंडी, सूप, कंपनीचं नाव वाचून घेतलेलं मीठमिरं. फ्रीझरमधल्या डोनटचा रिकामा खोकासुद्धा पर्समधून काढून दाखवला. त्यांनी तो उलटसुलट वाचून परत दिला. साखरेचं मी बोलले नाही. लपवलं नाही, सुचलंच नाही. साखर ती साखर, तिच्यात काय सांगायचं.

“मी बेकरीत काम करते, डॉक्टर,” मी वर तोंड करून म्हणाले. “पीठ कुठे असतं आणि कुठे नसतं हे मला कळतं.”

घरी आल्यावर मी जे बोलले ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहिते. अप्पा खुर्चीत बसले होते, कोटही काढला नव्हता. मी म्हटलं, आम्ही दोघं घरात पाव खात नाही, मी रोज केस ओले घेऊन फिरते, ते कुणासाठी? तुम्हाला मरायचंच असेल तर सरळ सांगा, माझे कष्ट तरी वाचतील. आईने तुम्हाला मुंगळा म्हटलं ते उगाच नाही. तिलाही तुम्ही आयुष्यभर असंच फसवलंत.

आईचं नाव काढल्यावर त्यांनी मान वर केली.

“खाल्ली असतील मी,” ते म्हणाले.

“असतील म्हणजे?”

“खाल्ली. बागेत. दोनतीनदा.”

मला हायसं वाटलं. खरं सांगते, सगळ्यात आधी हायसं वाटलं. चोर सापडला होता. मी त्यांचं बागेत जाणं बंद केलं. बाहेरच्या दाराची किल्ली माझ्याजवळ ठेवली. दादाला, समोरच्या काकूंना, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला सांगून ठेवलं, अप्पांनी मागितलं तरी काही खायला देऊ नका. ज्याने चौतीस वर्षं शहरभर बस फिरवली तो माणूस दोन खोल्यांत फिरायला लागला. सकाळी खिडकीशी उभा राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. मला वाटायचं, मला शिव्या घालतायत.

आणि दुपारी मी त्यांना दोन डोनट द्यायला लागले. वजन भरून यावं म्हणून. रागावलेल्या माणसाचं प्रेमही रागीटच असतं, मी बशी आदळून ठेवायचे. ते म्हणायचे, “एक पुरे गं.” मी म्हणायचे, “बागेत पुरत नव्हतं ना?” मग ते दोन्ही खायचे. पहिल्यासारखी बोटं चाटत नसत, मान खाली घालून खायचे. वर मी साखर जरा जास्तच घालायचे.

शेहेचाळीस. चव्वेचाळीस.

मग एका मंगळवारी दुपारी ते न्हाणीघरात खाली बसले आणि त्यांना उठता येईना. सकाळपासून पोट वाहत होतं, ओठ कोरडे पडले होते, खोकलाही धरला होता. नवऱ्याने उचलून पलंगावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, लगेच घेऊन या, गाडी येईपर्यंत मीठ-साखरेचं पाणी घोटघोट देत राहा. मी स्वयंपाकघरात धावले. मीठ सापडलं, साखरेचा डबा रिकामा. जॅमच्या बाटलीत साखर होती. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, दोन छोटे चमचे साखर घातली, मीठ घातलं, ढवळलं.

पाणी निवळेना.

मी आणखी ढवळलं. साखर विरघळायला किती वेळ लागतो हे मला कळतं, दिवसभर तेच करते. पाणी पांढुरकंच राहिलं. मी चमचा काढून ग्लास ओट्यावर ठेवला आणि बघत राहिले. हळूहळू वरचं पाणी मोकळं झालं आणि तळाशी पांढरा थर बसला. नखाएवढा जाड असेल. मी वरचं पाणी ओतून दिलं, थर दोन बोटांत घेतला आणि चोळला. बोटं चिकटली. उघडली तर मधे बारीक तार आली.

माझ्या हाताला ते ओळखायला डोळे लागत नाहीत. आमच्या बेकरीत ज्या टेबलावर पीठ लाटतात त्याच्याच टोकाला साखरेचा ट्रे असतो. लाटताना पीठ भुरभुरतात ते दिवसभर हवेत असतं, ट्रेवर बसत राहतं. फुगत ठेवलेले डोनट चिकटू नयेत म्हणून त्यांनाही खालून पीठ लावतात, ते तळणीत सगळं सुटत नाही. मी चाळून काढला तो चुरा. पीठ चाळणीतून साखरेच्याही आधी खाली पडतं. अकरा वर्षं ती ट्रेमधली पांढरी वस्तू माझ्या लेखी नुसती साखर होती. दुसऱ्या कुठल्याही बाईने अप्पांना दुकानातली साखर घातली असती आणि ते वाचले असते.

नवऱ्याने बाहेरून हाक मारली, “पाणी आणतेस ना?” मी तशीच उभी होते. ग्लास धुऊन टाकावा, बाटली कचऱ्यात टाकावी, कोणाला काही कळणार नाही, अप्पांनी तर कबूलच केलंय, हेही माझ्या मनात येऊन गेलं. तेवढं नीच मी त्या अर्ध्या मिनिटात झाले. मग नवरा आत आला. मी त्याच्यासमोर दोन बोटं धरली. त्याला काही समजेना.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, कागदावर लिहिलं. मला रागावल्या नाहीत, त्यांनी रागवायला हवं होतं. म्हणाल्या, आता गहू पूर्ण थांबेल हे चांगलं झालं. पण छातीत कफ धरलाय, अंगात ताकद उरलेली नाही आणि आतड्याचं आतलं अस्तर पार झिजलंय. औषधं देतोय. एवढं बोलून त्यांनी कागद फाइलीत लावला.

अप्पांना सांगायची हिंमत मला तीन दिवस झाली नाही. चौथ्या दिवशी सकाळी नर्स त्यांची उशी सरकवत होती, आणि मी दारात असताना ऐकलं, ते तिला सांगत होते, “माझीच चूक हो. मी चोरून बिस्किटं खाल्ली. मुलगी बिचारी किती करते.”

मी जाऊन पलंगाच्या कडेला बसले. सगळं सांगितलं. ट्रे, चाळणी, ग्लास, दोन बोटं. सांगताना त्यांच्याकडे बघवेना म्हणून सलाइनच्या नळीकडे बघत होते.

“म्हणजे,” अप्पा म्हणाले, “मी बिस्किटं खाल्ली नव्हती?”

“नाही अप्पा.”

“नक्की?”

“अप्पा, तुम्हाला माहीत नाही का?”

त्यांनी नळी लावलेला हात उचलून कपाळावर ठेवला. “मला वाटलं, खाल्ली असतील आणि विसरलो. तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं ना. ती पण म्हणायची, मी गॅस लावलाच नाही. मी रोज सकाळी बाराचे थांबे म्हणून बघायचो. बारा नंबरच्या बसचे. सगळे एकोणतीस. एकही चुकत नव्हता. तरी म्हटलं, ठमी एवढं म्हणतेय तर खोटं कशाला बोलेल. आपलंच डोकं चाललं.”

खिडकीशी उभं राहून ते काय पुटपुटत होते ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, “म्हणजे डोकं शाबूत आहे माझं,” आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की मला तो सोसवेना. आपण कशाने मरतोय यापेक्षा आपण विसरलेलो नाही, हे त्यांना मोठं वाटत होतं.

“दादाला सांग,” ते म्हणाले. “आता सांग. माझ्यासमोर.”

मी दादाला फोन लावला. अप्पांनी खाटेवरून कान देऊन ऐकलं. मग समोरच्या काकू. मग औषधवाला. प्रत्येकाला एकच वाक्य, अप्पांनी काही खाल्लं नव्हतं, मी खाऊ घातलं. अप्पा एकेक बोट मिटत होते. चौथं बोट तसंच राहिलं.

“पोस्टमनकडे फोन नाही,” ते म्हणाले. त्यांना बोलताना धाप लागत होती. “त्याला जाऊन सांग. त्याला वाटत असेल, मी का येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेले. काका बाकाच्या एका टोकाला बसले होते, दुसरं टोक मोकळं ठेवून. मांडीवर बिस्किटांचा सोनेरी पुडा. मी त्यांना सगळं सांगितलं, तो खिशातला कागदसुद्धा.

“तो मीच कोंबला होता त्याच्या खिशात,” काका म्हणाले. “फाटकाजवळच्या डब्यात टाक म्हटलं, माझे गुडघे दुखतात म्हणून. काय चिडला माझ्यावर! तिथल्या तिथे कोट काढून झटकला. पण डबा गच्च भरलेला होता आणि रस्त्यावर कागद टाकणाऱ्यातला तो नव्हे, मग राहिला असेल खिशातच.” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “अगं पोरी, तो कसा खाईल? चिमण्यांना बिस्किट घालायचा ना रोज, तर हाताला पिशवी चढवून घालायचा. मी हसायचो. म्हणायचा, चुरा नखात राहतो, घरी जाईल. ठमी फार जपते मला.”

बाकाच्या दोन फळ्यांमधल्या फटीत हात घालून त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. उलटी करून, चार घड्या घालून ठेवलेली. रोज तिथेच ठेवून जायचा, ते म्हणाले, घरी न्यायची नाही म्हणून.

मी ती हातात घेतली. चिमण्या पायाशी येऊन थांबल्या होत्या. काका पुडा पुढे करून म्हणाले, घाल त्यांना, तो आला नाही तर आता कोण घालणार. मी पिशवीच्या घड्या उलगडल्या, तिच्यात हात घातला, आणि तो तसाच मांडीवर धरून बसले. हॉस्पिटलमध्ये भेटायची वेळ दहाला सुरू होते. सव्वादहा झाले तरी मला तिथून उठता आलं नाही.